गोळी घ्या, पण दिवस मोजा

डोकेदुखीवरच्या माझ्या लेखात मी गोळ्या मोजायला सांगितलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘ज्याचं डोकं कधी ठणकलं नाही, त्यानेच गोळ्या मोजायला सांगावं’ असं तुम्ही म्हणता, आणि सगळं खापर ताणावर फोडल्याचा रागही आहे.

राग रास्त आहे. अर्धशिशी मी ताणाच्या डोकेदुखीसोबत एकाच परिच्छेदात उरकली, ते चुकलं. ताणाने दुखतं तेव्हा पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी दाबतं, पण माणूस कामं रेटू शकतो. अर्धशिशीत बहुधा एकच बाजू ठणकते, जिना चढला तरी वाढते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. औषध घेतलं नाही तर हे ४ ते ७२ तास चालतं. हा मेंदूचा आजार आहे, त्यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

पण दुखणं सोसा, असं मी म्हटलेलं नाही. उलट अर्धशिशीत गोळी सुरुवातीलाच आणि पुरेशा मात्रेत घ्यावी. झटका वाढला की जठराचं काम मंदावतं आणि उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. मोजायचे आहेत ते गोळी घेतल्याचे दिवस. साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरचं खास औषध) किंवा मिश्र वेदनाशामक (एकाच गोळीत एकाहून अधिक औषधं) १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की औषधामुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

माझी अर्धशिशी कॉलेजपासूनची. एक काळ असा होता की उशीखाली गोळ्यांची स्ट्रिप असायची, पहाटे जाग आली की अंधारात चाचपून गोळी काढायची. डॉक्टरांनी कॅलेंडरवर टिंबं करायला सांगितली: दुखलं की निळं, गोळी घेतली की लाल. महिनाअखेरीस लाल टिंबं भरली १९. मला वाटत होतं, फार तर ८ असतील. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा फार वाईट गेला, दुखणं आधी वाढलंच. सोबत झटके टाळण्यासाठी रोजचं प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं (दमा असेल तर हे चालत नाही). चौथ्या महिन्यात लाल टिंबं ५ होती.

म्हणूनच तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका वाक्यापाशी मी थांबले: ‘दुपारची गोळी घेतल्याशिवाय माझा दिवस जात नाही.’ रोज म्हणजे महिन्याला ३० लाल टिंबं. एकदम सगळं बंद करू नका, विशेषतः गोळीत कोडीन (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) असेल तर. आधी डॉक्टरांना भेटा. तोवरची टिंबं आणि गोळीचं रिकामं पाकीट सोबत न्या, म्हणजे आत नेमकं काय आहे ते त्यांना वाचता येईल.

आणि क्षणात शिगेला पोचणारी भयंकर डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं, यांतलं काही झालं तर टिंबं बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठा.