पाण्याचं अनुमान

बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं, तेव्हा ते पुढे लातुरात नळाला पाणी कधी येणार हे ओळखायला लागेल, असं वाटलं नव्हतं.

आमच्या गल्लीत पाणी आठवड्याने येतं. म्हणजे कधी सहाव्या दिवशी, कधी नवव्या. बायकोची पद्धत विगमनाची. कॅलेंडरवर प्रत्येक पाण्याला निळा गोल. चार गोल मंगळवारी पडले की पाचवाही मंगळवारीच. मी समजावलं, की पांढरेच हंस बघून 'सगळे हंस पांढरे' म्हणणारे युरोपातले लोक 1697 मध्ये ऑस्ट्रेलियात काळा हंस दिसल्यावर तोंडावर पडले. ती म्हणाली, "हंसाला पोहायपुरतं पाणी तरी होतं ना?"

हंस तरी कशाला? पाणी नळाने येतं, टँकरने येतं, पण रेल्वेने येत नाही, असं 2016 च्या मार्चमध्ये कुणीही छातीठोक सांगितलं असतं. एप्रिलमध्ये मिरजेहून 10 वाघिणी आल्या, 5 लाख लिटर घेऊन.

माझा भर निगमनावर. वरच्या गल्लीला सुटलं की दुसऱ्या दिवशी आपल्याला. वरच्या गल्लीला काल सुटलं. म्हणून आज आपल्याला. काढा चूक! आकार निर्दोष आहे. फक्त पहिलं विधान खोटं निघतं, कारण व्हॉल्व्हची चावी ज्याच्या हातात, त्याने तर्कशास्त्र घेतलेलं नाही.

शेजारच्या काकूंची तऱ्हा तिसरी. परिणाम बघायचा आणि त्याला सगळ्यांत पटेल असं कारण लावायचं. न्यायसूत्रं या जुन्या तर्कग्रंथावर वात्स्यायनाने लिहिलेल्या न्यायभाष्यातलं 'शेषवत' अनुमान याच्याच जवळचं: नदीला पूर, म्हणजे वर पाऊस झाला. (ढग आले म्हणजे पाऊस येणार, हे त्याचं 'पूर्ववत'चं, म्हणजे कारणावरून परिणाम ओळखण्याचं, उदाहरण वाचून मात्र गृहस्थ मराठवाड्यात राहिलेला दिसत नाही.) काकू नदीऐवजी रस्ता बघतात. सोमवारी दुपारी धावत आल्या, "सर, रस्ता वला झालाय बगा, पाणी यायलंय!" बायकोने हंडे विसळून ओळीने मांडले, मी मोटार लावली. नळ फुसफुसला, दोनदा तांबडं थुंकला आणि गप्प झाला. कोपऱ्यावर एक टँकर गळत उभा होता.

मी काकूंना न्यायसूत्रांतला आक्षेपच ऐकवला. नदी फुगते ती पावसानेच असं नाही, पाणी अडवलं तरी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊसच येणार असं नाही, कुणी वारूळ उकरलं असेल.

"मुंग्याचं काय घेऊन बसलाव सर," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच रात्री अडीचला बायकोने हलवलं. "अहो, रस्ता ओला दिसतोय."

"टँकर गळत असेल," मी कूस बदलली. "एका परिणामाला कारणं अनेक असतात."

तीही झोपली. माझ्यावर एवढा विश्वास ती एरवी कधी टाकत नाही.

सकाळी गल्लीतले सगळे हौद काठोकाठ. बायकोने कॅलेंडरवर मंगळवारी निळा गोल काढला, कागद फाटेल इतका दाबून. काकू अंगणात सढळ हाताने सडा टाकत होत्या. मी त्यांच्या फाटकाशी काय बोलावं ते जुळवत उभा राहिलो. काकूंनी माझ्या हातांतल्या दोन रिकाम्या कळश्यांकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता हौदाचं झाकण सरकवलं.