ऑस्करसोबत टायगर बार्ब : 'लहानपणापासून एकत्र वाढवा' हा सल्ला कुठे फसतो

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात तो असा : ऑस्कर हा मोठा होणारा शिकारी मासा एकटा ठेवला की कंटाळतो, बुजतो, म्हणून त्याच्यासोबत टायगर बार्ब हे छोटे मासे वीसेक सोडा. दोघंही लहान असतानाच आणा, म्हणजे ऑस्करला त्यांची सवय होते आणि तो त्यांना खात नाही. त्याचं पोट भरलेलं ठेवा. थवा मोठा असला की शिकारी गोंधळतो. आणि इतकं करूनही एखादा गेलाच, तर तो निसर्गनियमच. सोबत बहुतेक वेळा एक व्हिडिओ असतो, त्यात दोन-तीन इंचांचा ऑस्कर आणि पट्टेरी बार्ब गुण्यागोविंदाने फिरताना दिसतात.

व्हिडिओ खोटा नसतो, फक्त फार लवकर काढलेला असतो.

'एकत्र वाढवा' या कल्पनेत खरी गोम 'वाढवा' इथे आहे. दुकानातून आणलेला दोन इंचांचा ऑस्कर नीट खायला मिळालं तर सुरुवातीचे काही महिने महिन्याला साधारण एक इंच वाढतो. वर्षभरात तो आठ-दहा इंचांवर जातो आणि पुढे फूटभर किंवा थोडा जास्तच होतो. टायगर बार्ब अडीच-तीन इंचांवर थांबतो तो थांबतोच. म्हणजे पहिले काही महिने बार्ब ऑस्करच्या तोंडात मावत नाही आणि शांतता अगदी खरी असते. मग एके सकाळी वीसचे अठरा भरतात. मेलेला मासा कुठेच दिसत नाही. झाकणाच्या फटीतून उडी मारली असेल, मांजराने नेला असेल, असे तर्क सुरू होतात. ऑस्कर मात्र काचेशी येऊन शेपूट हलवत उभा, आणि मालक कौतुकाने म्हणतो, 'बघा, मला ओळखतो!' ओळखतो, यात शंका नाही. खायला देणारा माणूस ऑस्करला नक्की कळतो. पण त्यावरून तो बार्बनाही टाकीतले सवंगडी म्हणून ओळखतो, असं म्हणता येत नाही. तोंडात मावणारी आणि हलणारी वस्तू त्याच्या लेखी खाणंच असते, मग ती कालची असो की वर्षभरापूर्वीची.

ऑस्कर खातो कसा, हे एकदा जवळून बघा. तो झडप घालून चावा घेत नाही. सावकाश जवळ येतो, डोळे भक्ष्यावर रोखतो, आणि मग जबडा एकदम पुढे सरकून तोंडाची नळी होते. त्याच क्षणी गालफडं फुगतात, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. सगळा कारभार डोळ्याची पापणी लवण्याआधी उरकतो. पुढचं काम घशातल्या दुसऱ्या जबड्याचं, जो ऑस्करच्या कुळातल्या, म्हणजे सगळ्या सिक्लिड माशांना असतो. खाली वाळूवर दोन-चार चमकते खवले आले, तर तेवढाच पुरावा.

म्हणून प्रश्न लांबीचा कमी आणि अंगाच्या उंचीचा, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतच्या मापाचा, जास्त असतो. चार इंचांचा जायंट डॅनिओ चपळ असला तरी सडपातळ आहे. मोठा ऑस्कर त्याला डोक्याकडून सरळ गिळू शकतो. तेवढाच लांब सिल्व्हर डॉलर बशीसारखा उभा पसरलेला असतो, तो त्या तोंडात शिरत नाही. नुसतं 'चार इंचांचा घ्या, चालेल' असं सांगणाऱ्याला आधी 'कुठला मासा?' असं विचारावं.

पोट भरलेलं ठेवण्याच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. ऑस्कर संधिसाधू आहे, पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) पोटभर खाऊन झाल्यावरही समोर आलेलं सोडत नाही. शिवाय तो खाताना अर्धं थुंकतो, चघळून सांडतो. जास्त खाऊ घातल्याने बार्ब वाचत नाहीत, पाण्यात अमोनिया आणि नायट्रेट मात्र वाढतं.

थव्याचा मुद्दा जरा वजनदार आहे, कारण त्यात तथ्य आहे. एकसारख्या दिसणाऱ्या, एकदम वळणाऱ्या माशांत एकावर नजर ठेवणं शिकाऱ्याला अवघड जातं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण नदीत थव्याला पळायला जागा असते. चार फुटांच्या टाकीत थवा कोपऱ्यात जाऊन थांबतो, आणि शिकाऱ्यालाही तोच कोपरा पाठ असतो. त्यात थवा टिकतो तो मुख्यतः नजरेवर. रात्री दिवा गेला की बार्ब विखुरतात, एकेकटे स्थिर राहतात. पहाटे खिडकीतून थोडा उजेड आला की ऑस्करला दिसू लागतं आणि थवा अजून जमलेला नसतो. सकाळी मोजताना मासे कमी भरतात, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. सोबत रेडटेल कॅटफिशसारखा निशाचर असेल, तर त्याला पहाटेचीही गरज नाही.

थव्यामुळे ऑस्कर धीट होतो, हेही खरं. उघड्यावर निवांत पोहणारे मासे दिसले की बुजरा सिक्लिड 'धोका नाही' असं समजून बाहेर येतो. सिक्लिडचे अभ्यासक जॉर्ज बार्लो यांनी 1968 मध्ये या युक्तीवर लिहिलं होतं, आणि छंदात अशा माशांना आजही 'डिदर फिश' म्हणतात. फक्त हे काम खाल्ला न जाणारा मासाच करू शकतो. टायगर बार्बची निवड इथे दुहेरी चुकते. ऑस्कर लहान असेपर्यंत बार्ब त्याचे पर कुरतडतात, विशेषतः सहापेक्षा कमी असतील तर. ऑस्कर मोठा झाला की हिशेब उलटा फिरतो.

राहिला निसर्गनियम. निसर्गात ऑस्कर किडे, कोळंबीसारखे जीव, गोगलगायी आणि मासे असं मिश्र खातो. दुकानातल्या खच्चून भरलेल्या टबातले मासे तो खात नाही. अशा टबातल्या माशांबरोबर इक आणि अँकर वर्मसारखे परजीवी घरी येतात. खाऊ म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या गोल्डफिशमध्ये थायामिनेज हे विकर असतं, ते ब-1 जीवनसत्त्व मोडतं. रोज तेच खाऊ घातलं तर मोठ्या माशाची तब्येत खालावते. आणि 'तळ साफ ठेवायला' म्हणून कोरीडोरास सोडणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. हा छोटा कॅटफिश घाबरला की परांचे काटे ताठ करून अडकवतो. गिळताना तो ऑस्करच्या घशात बसला, तर दोघंही जातात.

मग मोठ्या माशासोबत थवा ठेवूच नये? ठेवावा, पण दोघांचंही पूर्ण वाढलेलं माप धरून. ऑस्करबरोबर सगळ्यात सरळ निवड सिल्व्हर डॉलरची. सहा इंचांपर्यंत जातो, शाकाहारी आहे, थव्यात राहतो. टाकीत वनस्पती मात्र उरणार नाहीत. ऑस्कर त्या उपटतोच, हे उपटलेल्या खातील. सिल्व्हर डॉलर आधी सोडा, तेही किमान तीन इंचांचे, आणि लहान ऑस्कर नंतर, म्हणजे सगळी टाकी आपलीच असा त्याचा ग्रह होत नाही. दचकले की डॉलर उडी मारतात, तेव्हा झाकण घट्ट हवं.

घेताना डोळे उघडे ठेवा. पाकूची पिल्लं सिल्व्हर डॉलर म्हणून गळ्यात मारली जातात. पोट लाल दिसलं तर थांबा. तो मासळी बाजारातला रूपचंद आहे, दोन फुटांच्या पुढेही जातो. तीच गत 'शार्क' म्हणून मिळणाऱ्या चंदेरी पिल्लांची. त्यातला एक बाला शार्क, जो फूटभराच्या वर जातो. दुसरा, ज्याच्या फिलेट बासा म्हणून हॉटेलात ताटात येतात, तो मीटरभराहून लांब होऊ शकतो. टिनफॉइल बार्बही चालतो, पण तोही फूटभर, आणि असे सहा ठेवायचे तर दिवाणखान्याचा नकाशाच बदलावा लागेल.

मिस केरळची शिफारसही हल्ली ऐकू येते. देखणा मासा आहे, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटातला, 2013 मध्ये ज्याची सह्याद्रिया ही वेगळी प्रजाती (जीनस) ठरली तो. पण त्याला थोडं थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, अंगाने तो बारीक आहे, आणि रानात तो संकटग्रस्त आहे. ऑस्करच्या तोंडापुढे त्याला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

जागेचा हिशेबही आधी करा. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत साधारण 255 लिटर पाणी मावतं, ते एका ऑस्करलाच जेमतेम पुरतं. ऑस्कर आणि सहा सिल्व्हर डॉलरसाठी सहा बाय दोन बाय दोनची टाकी धरा, म्हणजे 680 लिटर. नुसतं पाणीच 680 किलो, त्यावर काच, वाळू, स्टँड. फ्लॅटमध्ये एवढं वजन कुठल्या भिंतीलगत पेलेल, हे मासे आणण्याआधी इंजिनिअरला विचारा. आणि दुकानात मासे जोडीच्या हिशेबाने मिळतात, तेव्हा सिल्व्हर डॉलरची एक जोडी घेऊन परतू नका, एकदम तीन जोड्या मागा.