पाईपला बूच मारा, असं मी म्हटलेलं नाही

दादा, खतातलं नत्र नायट्रेट होऊन निचऱ्याच्या पाईपमधून ओढ्यात जातं, म्हणून काही दिवस पाणी रानातच धरावं, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं : कर्ज काढून क्षारपड रानात निचऱ्याचे पाईप गाडले, आता कुठं ऊस उभा राहायला लागला, आणि हा माणूस निचरा अडवायला सांगतोय. अमेरिकेतल्या आयोवाचं शहाणपण शिरोळला कशाला? आणि पंचगंगेत शहरांचं सांडपाणी सरळ मिसळतं, ते दिसत नाही का?

सांडपाण्याचं बोलणं खरंच आहे, त्यावर वाद नाही. जलपर्णी काही एकट्या युरियावर पोसत नाही. पण शहराच्या नाल्यावर निदान प्रक्रिया केंद्राची मागणी तरी करता येते. रानातले पाईप जिथं येऊन मिळतात, त्या आपल्या चेंबरमधून ओढ्यात पडणाऱ्या पाण्याला मध्ये कुणीच नसतं. ते काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण नायट्रेटला ना रंग ना वास. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही तोच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी निघालं की तेही निघालं. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उलट आहे, ते मातीला चिकटून राहतं आणि मुख्यतः वरच्या गढूळ पाण्याबरोबर वाहतं. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पिण्यात असेल, तर लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्याकडची मर्यादा आहे. एकदा तपासून घ्याच.

आता हिशोब. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे आणि त्यातलं 40 टक्के मोठ्या भरणीला, म्हणजे उसाच्या बुडाशी माती चढवतात तेव्हा. म्हणजे एकरी 40 किलो नत्र, युरियाची जवळजवळ दोन पोती. जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीची भरणी येते जूनच्या सुमाराला. भरणी झाली, युरिया फोकला, आणि चार दिवसांत मृग दणकून कोसळला, तर त्या पोत्यांतला बराच माल मुळांऐवजी पाईपला भेटतो. (पोतं स्वस्त आहे म्हणून हळहळ वाटत नाही, हेही खरं.) म्हणून पहिला उपाय पाईपचा नाहीच. भरणीचा डोस दोन-तीन हप्त्यांत द्या, मातीआड करा, वापशावर (रानात ओल बेताची असताना) द्या, आणि युरियाच्या मागोमाग पाटाचं भरघोस पाणी सोडू नका.

आयोवाचं वेळापत्रक इथं चालत नाही, हे तुमचं बरोबर. तिकडं मका निघाला की रान कित्येक महिने मोकळं असतं, तेव्हा पाईपच्या मुखाशी फळ्या लावून पाणी रानातच धरतात. आपला ऊस बारा-अठरा महिने उभा. पण पाईपचा स्वभाव दोन्हीकडं एकच. आयोवातल्या दे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेनं 2015 मध्ये वरच्या तीन काउंट्यांमधल्या निचरा मंडळांवर याच नायट्रेटपायी दावा लावला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला, पण नायट्रेट काढायचा खर्च शहरवाल्यांच्याच बिलात राहिला.

राहिला बुचाचा प्रश्न. मी सांगितलं ते एवढंच : चेंबरमध्ये पाईपच्या मुखाला फिरता एल्बो (काटकोनी जोड) आणि त्यावर हात-दीड हात उभा नळ. नळ आडवा केला की निचरा पूर्ण चालू. उभा केला की पाणी त्या उंचीपर्यंत चढल्याशिवाय बाहेर पडत नाही. यानं पाण्यातलं नायट्रेटचं प्रमाण फारसं घटत नाही, बाहेर जाणारं पाणीच कमी होतं, आणि फायदा मुख्यतः तिथंच आहे.

तुमच्या रानात मीठफुटी अजून दिसत असेल, तर एल्बोला हातसुद्धा लावू नका. क्षार धुऊन निघेपर्यंत पाईप सताड उघडाच हवा. माती परीक्षणात क्षारता उतरली की मग खत दिल्यानंतरचे काही दिवस नळ उभा करायचा, आणि मोठ्या पावसाचा अंदाज आला की आदल्या दिवशी आडवा. उन्हाळ्यात मात्र उभा ठेवून विसरू नका. खालचं पाणी वर चढलं की उन्हानं पाणी उडतं आणि मीठ पुन्हा सरीवर येतं. तुमचं शेवटचं माती परीक्षण कधीचं आहे आणि क्षारता किती आली होती, तेवढं कळवा. त्याशिवाय तुमच्या रानात नळ उभा करा असं मी सांगणार नाही.