साडेसात टनांचा निकाल सिलिंडरच्या गाडीला लागू नाही

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय : "सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय. एलएमव्ही लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची कुठलीही गाडी चालवा. गॅस असो, ॲसिड असो, हॅझार्डसचा कोर्स लागत नाही. शिक्षणाची अट गेली. एकदा कोर्स केला असेल तर तो कायमचा. टँकरचे कागद चोख असले की ड्रायव्हरला कोणी विचारत नाही."

निकाल खरा आहे, ६ नोव्हेंबर २०२४ चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं, हेही त्यात आहे. पण त्याच निष्कर्षात पुढे म्हटलंय की ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक (हॅझार्डस) माल वाहणाऱ्या गाड्यांच्या खास अटी कायम राहतील. मेसेजमध्ये नेमका हाच भाग गाळलाय. टेम्पोचं वजन कितीही कमी असो, त्यात एलपीजीचे सिलिंडर चढले की केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ पाहावा लागतो.

"शिक्षणाची अट गेली" हे अर्धंच खरं. २०१९ मध्ये आठवी पासची अट रद्द झाली, ती नियम ८ मधली होती. नियम ९ जागेवर आहे : राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हव्यात. ही अट जाचक वाटते, पण तिला ठोस कारण आहे. मालाची लेखी माहिती, म्हणजे ट्रेम कार्ड, नियम १३३ प्रमाणे केबिनमध्ये ठेवायचं असतं आणि ते बहुधा इंग्रजीत असतं. मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडवर पाणी पडलं तर उष्णतेने ते उसळून अंगावर येतं. बोरघाटात गाडी कलंडल्यावर कार्डावरचे असे धोके वाचून सांगणारा पहिला माणूस ड्रायव्हरच असतो. ज्याला कार्ड वाचता येत नाही, तो मदतीला धावलेल्या लोकांना दूरही ठेवू शकत नाही.

वाचता येणं पुरेसं नाही. राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेत तीन दिवसांचा कोर्स करायचा, मग 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून लायसन्सवर हॅझार्डसची नोंद घ्यायची. बरेच जण इथेच अडकतात. कोर्सचं प्रमाणपत्र खिशात ठेवून गाडी काढतात, नोंद घेतच नाहीत. परवानगी मिळते ती नोंदीने, नुसत्या प्रमाणपत्राने नाही. संस्थेची मान्यता पैसे भरण्याआधी आरटीओत विचारून घ्यावी.

ती नोंद कायमची नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षं आणि हॅझार्डसची तीन वर्षं (हॅझार्डसची आधी एकच वर्ष होती). त्यामुळे एकाच लायसन्सवर दोन तारखा येतात. मालक लांबची तारीख पाहून निर्धास्त राहतो आणि जवळची उलटून गेलेली असते.

राहिले टँकरचे कागद. पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचा परवाना टँकरचा असतो, ड्रायव्हरचा नव्हे. दोन्ही बाजूंना आणि मागे लावायची माहितीपाटी, तिच्यावरचं ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांतलं मालाचं नाव, २५० मिलिमीटरचं चौकोनी लेबल, हेही गाडीचंच. ड्रायव्हरला कोणी विचारत नाही, हा समज अपघात होईपर्यंतच टिकतो. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका तेल टँकरच्या खटल्यात, ड्रायव्हरकडे नियम ९ ची नोंद नसल्यामुळे, विमा कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा आदेश कायम ठेवला. कलम १९०(३) ची शिक्षाही गाडी चालवणाऱ्याइतकीच ती चालवू देणाऱ्याला लागू होते : पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

त्यामुळे पानेवाडी किंवा उरणच्या इंधन डेपोत गाडी भरायला पाठवण्याआधी 'सारथी'वर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून 'हॅझार्डस व्हॅलिड टिल' हा रकाना पाहावा. तो कोरा असेल किंवा तारीख उलटून गेली असेल, तर त्या फेरीला नोंद असलेला दुसरा ड्रायव्हर द्यावा.