शंभरपट ताकद आणि दीड व्होल्ट एकाच पट्टीत?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंनी सोमवारी काकांच्या फिजिओथेरपीच्या बाईंना फोन करून सांगितलं, आता येऊ नका. कारण काय, तर व्हॉट्सॲपवरचा मेसेज. तुमच्याकडेही आला असेल: ग्राफीन (कार्बनचा अतिपातळ पापुद्रा) इलेक्ट्रोडची 'कृत्रिम स्नायू पट्टी', माणसाच्या स्नायूपेक्षा शंभरपट ताकद, दीड व्होल्टच्या सेलवर चालते, कधी झिजत नाही, लकव्याच्या हाताला चिकटवा आणि व्यायाम बंद करा. मी मकरपुऱ्यात प्लेटिंगचं, म्हणजे विजेने धातूचा मुलामा द्यायचं, काम करतो. इलेक्ट्रोड म्हटलं की गप्प बसवत नाही.

शंभरपटीचा आकडा अगदीच हवेतला नाही, हे कबूल. 2014 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याला पीळ देऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलं, तर तो तेवढ्याच लांबीच्या नि वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट ओझं उचलतो. पण उष्णतेवर! नायलॉन 34 टक्के आकसायला 240 अंशांपर्यंत तापवावा लागला. म्हणजे भाकरीचा तवाच म्हणा. शिवाय घातलेल्या ऊर्जेतली जेमतेम एक टक्का कामी येते. काकांचा डावा हात लकव्याने बधिर आहे. परवा मनगट चहाच्या गरम पातेल्याला टेकलं, त्यांना पत्ताच नाही. फोड आला तेव्हा काकूंनी पाहिलं. त्या हाताला हे चिकटवणार?

दीड व्होल्टवर हलणारे स्नायू खरेच आहेत, पण ते निराळे. नॅफिऑन नावाच्या, आयन (विद्युतभारित कण) जाऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर दोन्हीकडून प्लॅटिनम चढवतात, तेच इलेक्ट्रोड. एक-दोन व्होल्ट दिले की आतले धन आयन पाणी घेऊन ऋण बाजूला सरकतात, ती बाजू फुगते, पट्टी वाकते. बघायला छान वाटतं. पण जोर ग्रॅममध्ये मोजायचा. मेसेजवाल्याने एकाची ताकद आणि दुसऱ्याचे व्होल्ट घेऊन पट्टी शिवली आहे.

'झिजत नाही' वाचून तर हसूच आलं. मुलामा दिलेली पट्टी पुन्हापुन्हा वाकवा, भेगा पडणारच. प्लॅटिनमचंही तेच: विजेला रोध वाढतो, भेगांतून पाणी उडून जातं, पट्टी मरते. संशोधकांची सगळी झटापट याच इलेक्ट्रोडसाठी चालली आहे. 2005 साली जपानमध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या आणि न उडणारा आयनिक द्रव (वितळलेल्या मिठासारखा) यांचा जेल करून हवेतही चालणारी पट्टी बनवली. आता वीजवाहक पॉलिमर, मॅक्सीन (धातू-कार्बाइडचे पातळ पापुद्रे), आणि हो, ग्राफीनसुद्धा तपासतात. प्रयोगशाळेत.

व्यायाम बंद करण्याबद्दल काय बोलायचं? लकव्यानंतर हात पुन्हापुन्हा स्वतः हलवायची धडपड केली तरच मेंदू ते परत शिकतो. पट्टीने बाहेरून ओढून ते होत नाही.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, पण त्या बाई तासाचे चारशे घेतात." खरं कारण तिथे होतं. बाईंना मीच फोन केला, गुरुवारी दहाला येतायत. काकूंनी दिलेली पट्टीची ऑर्डर मात्र रद्द होईना. विकणाऱ्याचा नंबर लागतच नाही.