आय-सेव्हन नसेल तर गेमिंग विसरा म्हणे!

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर आठ दिवस एकच फॉरवर्ड फिरतोय: 'गेमिंगला आय-सेव्हन किंवा रायझन सेव्हनच लागतो, कोअर जास्त तितके एफपीएस जास्त, एएम-फोरचा बोर्ड असेल तर फेका आणि सगळं नवीन घ्या.' (आय-सेव्हन इंटेलचा प्रोसेसर, रायझन एएमडीचा; कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, आणि एएम-फोर म्हणजे एएमडीचा जुना सॉकेट, प्रोसेसर बसतो ती जागा.) भाच्याने तो मला पाठवला, खाली 'मामा, पप्पा तर नाहीच म्हणतील' असं रडगाणं. त्याच्याकडे एएम-फोरचाच बी 450 बोर्ड, रायझन 5 2600 प्रोसेसर आणि जीटीएक्स 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड आहे.

आधी ते आय-सेव्हन. अरे पण कुठला? सेकंडहँडमध्ये आय-सेव्हन 7700 मिळतो, 2017 चा, चार कोअर आठ थ्रेड (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं). 2022 चा आय-थ्री 12100एफ पण चार कोअर आठ थ्रेडच, आणि गेममध्ये तो या आय-सेव्हनच्या पुढे जातो. नावातल्या साताला भुलू नका, जनरेशन बघा.

आता कोअरचं, इथेच लोक जास्त फसतात. भाच्याचा 2600 सहा कोअर बारा थ्रेड, रायझन 5 5600 पण सहा कोअर बारा थ्रेड, कोअर एकसारखे तरी गेममध्ये जमीन-अस्मानाचा फरक, कारण आतला कोअरच नवीन आहे आणि एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, तीही 16 ऐवजी 32 एमबी. गेमला लागणारा डेटा कॅशमध्ये सापडला तर ठीक, नाहीतर दरवेळी रॅमपर्यंत हेलपाटा, आणि तेवढ्यात फ्रेम अडकते. गंमत म्हणजे रायझन 7 5700, 5700एक्स नव्हे हं, आठ कोअरचा असून त्यात कॅश 16 एमबीच, म्हणून बऱ्याच गेममध्ये सहा कोअरवाला 5600 त्याला मागे टाकतो. 5600जी चंही तेच, कॅश निम्मी. त्याच्या आतच ग्राफिक्स असतं, म्हणून तो ग्राफिक्स कार्ड नसलेल्यांनी घ्यावा, भाच्याला काय उपयोग?

बोर्ड फेकायचं तर बोलूच नका. बी 450 वर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की 5600 चालतो. फक्त अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायचं, आणि लाइट जायची भीती असेल तर यूपीएस लावूनच, मधेच गेली तर बोर्डाची वाट लागू शकते. जुनी डीडीआर-फोर रॅम राहते, 5600 हा 65 वॉटचा आहे म्हणून कूलरची कटकट नाही, बॉक्समध्ये येतो तो पुरतो.

हां, कोणी अगदी शून्यातून पीसी बांधत असेल तर एएम-फाइव्ह, म्हणजे एएमडीचा नवा सॉकेट, घ्या, तेवढ्यापुरतं फॉरवर्डवाल्याचं बरोबर, पुढे प्रोसेसर बदलायला वाव राहतो.

आणि खरेदीआधी गेम चालू ठेवून जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) किती टक्के चालतोय ते बघा. सतत 97-99 टक्के असेल तर अडकलंय ग्राफिक्स कार्ड, नवीन प्रोसेसरने घंटा फरक पडणार नाही. भाच्याचा जीपीयू व्हॅलोरंट गेममध्ये पन्नास टक्क्यांतच घुटमळतो, म्हणजे बहुधा त्याचा प्रोसेसरच मागे पडतोय. पण त्याच्या पीसीत रॅमची एकच स्टिक निघाली, आणि एकाच स्टिकने प्रोसेसरला डेटा हळू मिळतो, त्यामुळे आधी जोडीची दुसरी टाकायला सांगितलंय, 5600 त्यानंतर.