ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली म्हणजे तोंडाला कुलूप? अजिबात नाही

अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेल्या जेफ्री एपस्टीन या अमेरिकी धनाढ्याचं प्रकरण तापल्यापासून एक मजकूर फिरतो आहे: "अमेरिकेत ग्रँड ज्युरीपुढे जे घडतं त्याबद्दल कुणीही बोलू शकत नाही, बोललात तर थेट तुरुंग. कागद कायमचे गाडले जातात. बड्या धेंडांना वाचवायलाच हा नियम आहे." ग्रँड ज्युरी म्हणजे एखाद्यावर आरोप ठेवायचा की नाही हे बंद दाराआड ठरवणारं नागरिकांचं मंडळ. तिकडची आपली मराठी माणसंही हा मजकूर पुढे ढकलतात, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते. उद्या समन्स आलं, तर यावर विश्वास ठेवणारा माणूस घाबरून वकीलही गाठणार नाही.

"कुणीही" इथूनच चूक सुरू होते. फेडरल, म्हणजे केंद्रीय, फौजदारी प्रक्रियेच्या नियम ६(ई) मध्ये गुप्तता कुणी पाळायची याची यादीच दिली आहे: ज्युरीचे सदस्य, दुभाषा, साक्ष टिपणारा, रेकॉर्डिंग करणारा, सरकारी वकील आणि तपासासाठी ज्यांना अधिकृतपणे माहिती दिली जाते ते. यांनी जाणूनबुजून नियम मोडला तर कोर्टाचा अवमान होतो. साक्षीदार या यादीत नाही, आणि यादीबाहेरच्या कुणावर हे बंधन लादता येत नाही, असं तोच नियम सांगतो. १७ ऑगस्ट १९९८ ला तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसच्या मॅप रूममधून ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली. त्याच रात्री, त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून ते टीव्हीवर देशाशी त्याबद्दल बोलले. फ्लोरिडाच्या कायद्याने साक्षीदाराला स्वतःची साक्ष सांगायला कायमची बंदी केली होती. एका पत्रकाराने तिला आव्हान दिलं आणि १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने, ज्युरीचं काम संपल्यावरही लागू राहणारी ती बंदी घटनाबाह्य ठरवली.

समन्ससोबत कधीकधी "कृपया वाच्यता करू नये" असं पत्र येतं. ती बहुतेक वेळा विनंती असते, हुकूम नव्हे. हुकूम आहे की नाही, हे वकिलाला दाखवून घ्यावं. वकिलाला ज्युरीच्या खोलीत प्रवेश नसतो, पण तो बाहेर बसू शकतो, आणि "वकिलाशी बोलून येतो" म्हणून साक्षीदाराला उठून जाता येतं. अपवाद आहेत: काही गुन्ह्यांच्या तपासात बँकेच्या अधिकाऱ्याने खातेदाराला समन्सची खबर देणं हाच गुन्हा ठरतो. शिवाय राज्यांचे नियम वेगळे असतात.

"कायमचे गाडले जातात" हेही खरं नाही. साक्षीदार पुढे खटल्यात सरकारतर्फे उभा राहिला, की त्याची ग्रँड ज्युरीपुढची साक्ष बचावपक्षाला द्यावी लागते. अध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात, १९७४ मध्ये, न्यायाधीश सिरिका यांनी ज्युरीचा अहवाल संसदेच्या न्यायविषयक समितीकडे जाऊ दिला. निक्सन यांची १९७५ ची साक्ष २०११ मध्ये खुली झाली.

एपस्टीनबाबत, २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या दोन फेडरल न्यायाधीशांनी कागद खुले करायला नकार दिला, हे खरं. पण न्यायाधीश बर्मन यांनी तेव्हाच लिहिलं की ग्रँड ज्युरीचे कागद सुमारे ७० पानं आहेत आणि सरकारकडे स्वतःची जवळपास एक लाख पानं आहेत. साक्षीदारही एकच, एफबीआयचा एजंट. नोव्हेंबरमध्ये एपस्टीनचे कागद खुले करण्यासाठी नवा कायदा झाला आणि डिसेंबरमध्ये त्याच कोर्टाने परवानगी दिली. म्हणजे कागद कायमचे गाडले गेले नाहीत, आणि मोठा साठा सरकारकडे होता, न्यायाधीशांच्या कपाटात नव्हताच.

"बड्यांना वाचवायला" म्हणणाऱ्यांनी १६८१ चं लंडन बघावं, कारण ग्रँड ज्युरीची पद्धत अमेरिकेत इंग्लंडमधूनच आली. राजाला आपला विरोधक लॉर्ड शाफ्ट्सबरी याच्यावर देशद्रोहाचा आरोप हवा होता. साक्षीदारांना आपण खाजगीत तपासू, अशी मागणी ज्युरीने केली आणि राजाच्या न्यायाधीशांनी ती फेटाळली. तरी ज्युरीने आरोप नाकारला. सत्तेच्या डोळ्यांपासून ज्युरीला आडोसा, हे गुप्ततेचं एक मूळ. दुसरं कारण साधं आहे: चौकशी होऊन ज्याच्यावर आरोपच ठेवला गेला नाही, त्याचं नाव चव्हाट्यावर का यावं?

या नियमावर रागवायचं तर खरी जागा वेगळीच आहे. १९४६ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या मूर्स फोर्ड पुलाजवळ जमावाने दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना गोळ्या घातल्या. ग्रँड ज्युरी बसली, पण खुनासाठी कुणावरही आरोप ठेवला गेला नाही. सात दशकांनी एका इतिहासकाराने त्या साक्षी मागितल्या. खालच्या कोर्टाने हो म्हटलं, पण २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की नियमात दिलेल्या अपवादांबाहेर जाऊन कागद खुले करायचा अधिकार न्यायाधीशांना नाही. इतिहासासाठी असा अपवाद नियमात घालायला हवा, आणि तो अजून घातलेला नाही.